सनदेची वर्षं

नेरच्या दिवाणी न्यायालयाच्या आवारात सकाळी साडेदहाला जी माणसं उभी असतात, त्यांच्या हातातल्या पिशव्या पाहाव्यात. कपाशीच्या बियाण्याची रिकामी पिशवी, तिच्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सातबारा, फेरफाराची नक्कल, मोजणीचा नकाशा आणि डब्यात भाकर. पोळा होऊन महिना होत आला होता. रात्री पाऊस पडून गेला होता आणि चपलांना लागलेली काळी माती पायऱ्यांपर्यंत आली होती. माझ्या शेजारी बसलेल्या काकांना विचारलं, कशासाठी आलात? ‘पेशी हाय,’ ते म्हणाले. पुण्या-मुंबईकडे जिला तारीख म्हणतात, तिला आमच्या वऱ्हाडात पेशी म्हणतात.

काकांचा खटला धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा. शेजाऱ्यानं दरसाल नांगर घालताना धुरा थोडा थोडा कोरला आणि बघता बघता ‘दोन तासं माह्या वावरातली त्याच्याकडं गेली’. दोन तासं म्हणजे कपाशीच्या दोन ओळी. एवढ्यासाठी ते सहा वर्षं या आवारात येत आहेत.

मी मात्र भलताच प्रश्न घेऊन गेलो होतो. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘परतीची वाट’ हा विषय काढला आणि माझ्या वाट्याला वकील दिले: परदेशात काम करून आलेल्या वकिलाला घरी परतल्यावर त्या वर्षांचा भाव किती मिळतो? ‘मुंबईत बसून लिहू नका,’ असंही बजावलं. यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचं नेर मी निवडलं, कारण दोन जिल्ह्यांच्या मधलं हे गाव वकिलीच्या जिन्याची सगळ्यात खालची पायरी आहे. वर यवतमाळचं जिल्हा न्यायालय, त्याच्या वर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, मग दिल्ली. या जिन्यात लंडनची पायरी कुठे बसते, ते खालूनच नीट दिसेल असं वाटलं.

बाररूममध्ये प्रश्न विचारला तर हशा पिकला. तीस वर्षं इथंच काळा कोट घातलेले एक ज्येष्ठ वकील म्हणाले, ‘परदेशातून परत आलेला वकील शोधता? इथं नागपूरहून परत आलेला नाही!’

ओळखीचा धंदा

हसणं ओसरल्यावर त्यांनी जे सांगितलं, ते कुठल्याही विधी महाविद्यालयात शिकवत नाहीत. तालुक्याच्या कोर्टातली वकिली म्हणजे वाटणी, वहिवाट, पांदण रस्ता, धनादेश न वटल्याचे खटले, पोटगी, मारामाऱ्या, जामीन. अशा दाव्यात कायद्याचा मुद्दा दहातला एक आणि उरलेले नऊ माहितीचे. कोणत्या साली कोणत्या भावानं कुणाच्या नावे फेरफार करून घेतला, जुन्या मोजणीची खूण कोणत्या बाभळीपाशी होती, साक्षीदार कुणाचा साळा आहे. काकांच्या वकिलांनी त्यांच्या वडिलांचाही एक दावा चालवला होता. फाईल उघडण्याआधीच त्यांना अर्धा खटला पाठ होता.

भाषेचंही तसंच. महाराष्ट्रात १९९८च्या अधिसूचनेनंतर जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. कलमं आणि निवाडे इंग्रजीत वाचले जातात. पण साक्ष मराठीत होते आणि ती मराठी वऱ्हाडी असते. ‘त्यानं मले धक्का देल्ला’ आणि ‘त्याचा मले धक्का लागला’ यांतलं अंतर ओळखून उलटतपासणी करायची असते. हे कसब गावातच येतं.

कमाईचा हिशेब त्यांनी चहाबरोबर मांडला. नव्या पोराला पहिली दोन-तीन वर्षं सीनिअरकडून पेट्रोलपुरते पैसे मिळाले तरी नशीब. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये द्यावेत असं परिपत्रक काढलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. इंग्लंडला एलएलएम करायचं तर फी आणि राहणं मिळून कर्जाचा आकडा वीस-पंचवीस लाखांच्या पुढे जातो. पंधरा हजारांत तो हप्ता बसत नाही. परत आलेला वकील नेरला का दिसत नाही, याचं अर्धं उत्तर एवढ्यातच मिळतं.

पापळचा बॅरिस्टर

उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी तालुक्याची सीमा ओलांडावी लागते. नेरला लागून अमरावती जिल्ह्याचा नांदगाव खंडेश्वर तालुका, आणि त्यातलं पापळ. २७ डिसेंबर १८९८ रोजी तिथल्या शेतकरी घरात पंजाबराव देशमुख जन्मले. चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती, पुण्याचं फर्ग्युसन असं शिकत १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले. एडिंबरो आणि ऑक्सफर्ड केलं, वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर डॉक्टरेट मिळवली, बॅरिस्टरही झाले. १९२६च्या सुमारास परतले आणि अमरावतीला वकिली सुरू केली.

आमच्या भागात त्यांची गोष्ट शिक्षणमहर्षी म्हणून सांगतात. वकील म्हणून कुणी सांगत नाही. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहात ते उतरले. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, १९३० मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात गेले. मग श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, घटना समितीत बसले आणि १९५२ पासून दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री होते. परदेशानं त्यांना जे दिलं ते कोर्टात फार काळ खर्च झालंच नाही. मला वाटतं, परत आलेल्या वऱ्हाडी बॅरिस्टरांचं हेच खरं गणित होतं. पदवीनं पक्षकार आणले असतील-नसतील, पण सभेत खुर्ची मिळाली, कलेक्टरच्या कचेरीत शब्दाला वजन आलं. कुणब्याचं पोर गोऱ्या साहेबाच्या विद्यापीठातून त्याच्याच बरोबरीची पदवी घेऊन आलं, या एका गोष्टीचा परिणाम शंभर निकालांहून मोठा होता.

उलट उदाहरणही याच जिल्ह्यातलं. वणीला जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यवतमाळला वकिली करत होते, परदेशी पदवीशिवाय. जिल्ह्याचं पुढारीपण त्यांच्याकडे आलंच. परदेशी ते गेले ते पुढे, १९४३ मध्ये, सिलोनला भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून. पंजाबरावांनी परदेशातून नाव आणलं, बापूजींनी नाव झाल्यावर परदेश पाहिला.

आज अमरावतीत पंजाबरावांच्या नावाचं विधी महाविद्यालय आहे. या पट्ट्यातले किती तरी वकील तिथून किंवा यवतमाळच्या अमोलकचंद विधी महाविद्यालयातून सनदेपर्यंत पोचले. इंग्लंडला जाऊन आलेल्या माणसानं उभ्या केलेल्या संस्थेमुळे इथल्या पोरांना कायदा शिकायला इंग्लंड गाठावं लागलं नाही.

बॅरिस्टर हा शब्द कुठे गेला?

लग्नपत्रिकेत ‘बॅरिस्टर’ छापलेलं शेवटचं कधी पाहिलं, आठवा. नाथ पै, अंतुले, शेषराव वानखेडे अशी नावं त्या शब्दाशिवाय उच्चारली जात नसत. बॅरिस्टरच्या झग्याची किंमत मुळात कायद्यानं ठरवलेली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरांना खास मान होता. वकील आणि प्लीडर पायरीनं खाली. लंडनचं पाणी प्यायलेल्याला दार उघडं, इथं शिकलेल्याला खिडकी.

तरी दार उघडं असलं म्हणजे आत पान वाढलेलं असतंच असं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये परतले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या गाठीशी असूनही वकिलीच्या सनदेसाठी मित्र नवल भथेना यांनी पैसे दिले तेव्हा काम सुरू झालं. मूळ शाखेतलं काम सॉलिसिटरकडून येणार आणि सॉलिसिटर ते ओळखीच्याला, आपल्यातल्याला देणार. अस्पृश्य बॅरिस्टरला कोण देतो? म्हणून १९२५ ते १९२८ ते बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. नाव झालं ते जिल्ह्याच्या कोर्टात. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून जेधे-जवळकरांवर भरलेला अब्रुनुकसानीचा खटला १९२६ मध्ये पुण्यात अपिलात त्यांनी जिंकला. लंडनच्या पदवीनं त्यांना कोर्टात उभं राहता आलं. पक्षकार आले ते इथल्या माणसांच्या भरवशावर.

मग स्वतंत्र देशानं १९६१चा ॲडव्होकेट्स ॲक्ट केला आणि सगळ्या पायऱ्या एक केल्या. वकील, प्लीडर, बॅरिस्टर जाऊन एकच शब्द उरला: ॲडव्होकेट. ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत इंग्लंडात बारला बोलावले गेलेल्यांना त्या जोरावर इथली सनद मिळण्याची सोय होती, ती त्या तारखेला संपली. आणीबाणीच्या गदारोळात ही तारीख कुणाच्या लक्षातही राहिली नाही. ‘बॅरिस्टर’ हा शब्द तिथंच म्हातारा व्हायला लागला.

मोजपट्टी

आता ज्यांच्यामुळे हा लेख उभा राहिला, त्या वकीलबाई. नाव द्यायचं नाही या अटीवर बोलल्या. माहेर नेर-दारव्हा पट्ट्यातलं, सध्या वकिली नागपूरला. सनद २०१७ची. दोन वर्षं यवतमाळला ज्युनिअर म्हणून काढली, मग शिष्यवृत्ती आणि कर्ज मिळून लंडनला एलएलएम, त्यानंतर तिथल्याच एका फर्ममध्ये लवादाच्या प्रकरणांचं काम. २०२४ मध्ये वडिलांच्या आजारपणामुळे परतल्या.

आल्यावर त्यांनी जुन्या वर्गमैत्रिणीबरोबर हिशेब केला. मैत्रीण यवतमाळ सोडून कुठेच गेली नव्हती. तिची वकिली आठ वर्षांची झाली होती. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट परीक्षेला घटनेच्या कलम २३३ प्रमाणे लागणारी सात वर्षं तिच्या खात्यात जमा. यांच्या खात्यात जेमतेम तीन. लंडनची पाच वर्षं त्या वहीत कुठेच नाहीत.

ही वही कशी चालते ते नीट समजून घ्यायला हवं, कारण परदेशी जाणाऱ्या बहुतेक पोरांना ते परत आल्यावर कळतं. वकिलाला पूर्ण वेळची पगारी नोकरी करता येत नाही, हा बार कौन्सिलचा ४९वा नियम. नोकरी धरली की सनद स्थगित करायची. म्हणजे लंडन, दुबई किंवा सिंगापूरच्या फर्ममध्ये पगारावर बसलेला माणूस भारताच्या हिशेबात तेवढा काळ वकील नसतो. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यासाठी लागणारी दहा वर्षं इथल्या उच्च न्यायालयातल्या वकिलीची. सीनिअर ॲडव्होकेट म्हणून नाव पुढे यायचं तर तिथंही वर्षंच मोजतात. जिल्हा न्यायाधीशपदासाठीची सात वर्षं तर सलग आणि अर्जाच्या दिवशी चालू असलेली हवीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये स्पष्ट केलं. भर म्हणून २०१५ पासून वकिली खरोखर चालू असल्याची पडताळणी आली. तिच्यासाठी स्वतःच्या वकालतनाम्यांच्या प्रती जोडाव्या लागतात आणि त्या लंडनहून येत नाहीत.

आणखी एक खिळा अलीकडचा. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. आता निकाल हातात पडताच न्यायाधीशाची परीक्षा देता येत नाही. वकिली केल्याचा दाखला त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायाधीशानं द्यायचा, किंवा किमान दहा वर्षं जुन्या वकिलानं देऊन त्यावर प्रमुख न्यायाधीशाची सही घ्यायची. अट मला पटते. कोर्टाची पायरी न चढलेल्या पोरानं धुऱ्याच्या दाव्याचा निकाल लिहू नये. पण त्यातून बाररूममधल्या त्या तीस वर्षं जुन्या वकिलांच्या सहीला जी किंमत आली आहे, ती लंडनच्या कुठल्याही भागीदाराच्या सहीला नाही.

मग परदेशाचा काहीच उपयोग नाही? बाई म्हणाल्या, आहे, पण तो कागदावर आहे. तिथं त्यांना घटनाक्रम लिहायला शिकवलं: प्रत्येक वाक्यापुढे पानाचा क्रमांक, विशेषण एकही नाही. नागपूर खंडपीठात त्यांच्या याचिका वाचायला सोप्या असतात आणि ब्रीफ देणारे वकील आता त्याचसाठी त्यांच्याकडे येतात. उलट बाजूची गोष्टही त्यांनीच हसत सांगितली. परतल्यावर पहिल्या महिन्यात तालुक्याच्या कोर्टात त्या तलाठ्याची उलटतपासणी घेत होत्या आणि पझेशनला मराठी शब्दच जिभेवर येईना. समोरच्या वकिलानं मदत केली: ‘वहिवाट म्हणा, मॅडम.’ संपूर्ण कोर्ट हसलं आणि पक्षकाराचा चेहरा उतरला.

पुण्या-मुंबईची बाजारपेठ वेगळी, हे मान्य. मुंबईत २०१६ पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र चालतं, कंपन्यांचे करार इंग्लंडच्या कायद्यानुसार होतात, आणि परदेशी फर्मचं नाव बायोडेटात असलं की पगाराची बोलणी वरच्या आकड्यापासून सुरू होतात. पण तो भाव नोकरीतला, कोर्टातला नाही. धनंजय चंद्रचूड हार्वर्डला शिकले, न्यूयॉर्कच्या सलिव्हन अँड क्रॉमवेल फर्ममध्ये थोडा काळ काम केलं आणि परतून सरन्यायाधीशपदापर्यंत गेले, हे उदाहरण प्रत्येक जण देतो. त्यांचे वडीलही सरन्यायाधीश होते, हे वाक्य मात्र पुढे जोडत नाही. भूषण गवई अमरावतीच्या फ्रेझरपुऱ्यातल्या नगरपालिकेच्या शाळेत शिकले, कायद्याची पदवी अमरावती विद्यापीठातून, प्रॅक्टिस मुंबई आणि नागपूरला. १४ मे २०२५ रोजी तेही त्याच खुर्चीवर बसले. वकिलीच्या सुरुवातीला त्यांनी ज्यांच्या हाताखाली काम केलं ते राजा भोसले मात्र बॅरिस्टर होते. परदेश असाही झिरपत येतो, एका पिढीच्या अंतरानं.

बाझलला गेलेली यवतमाळची फाईल

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग नेरच्या माणसाला परदेशी कायद्याशी काय देणंघेणं? २०१७चा पावसाळा आठवा. कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं शेतकरी आणि मजूर पडायला लागले. वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो जणांना यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात दाखल करावं लागलं. त्या प्रकरणातला एक धागा स्वित्झर्लंडला पोचला. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ बाधित कुटुंबांच्या वतीनं ओईसीडी या आर्थिक संघटनेच्या तिथल्या संपर्क केंद्राकडे कीटकनाशकं बनवणाऱ्या सिंजेंटा कंपनीविरुद्ध तक्रार गेली, आणि दोन विधवा व एक बचावलेला शेतकरी यांनी बाझलच्या न्यायालयात भरपाईसाठी पाऊल टाकलं. आपल्या औषधामुळे हे घडलं, हे कंपनीनं नाकारलं. युरोपातल्या मानवी हक्कांच्या वकिलांची संस्था आणि इथल्या कीटकनाशकविरोधी संघटना दोन्ही टोकांना उभ्या होत्या.

आता त्या फाईलमध्ये काय लागतं, ते वकिलाच्या नजरेनं पाहा. बाझलच्या न्यायाधीशाला उत्पादकाच्या दायित्वाचा स्विस कायदा माहीत आहे. त्याला हवंय ते असं: त्या दिवशी पंपात कोणतं औषध होतं, बाटली कुठून घेतली, पावती आहे का, रुग्णालयाच्या कागदावर काय लिहिलंय, पोलिसांच्या पंचनाम्यात डबा कुठे सापडला. यातला एकेक कागद तालुक्याला तयार होतो. पाटलाच्या ओसरीवर झालेला पंचनामा जर्मन भाषेत नेऊन उभा करायचा, तर दोन्हीकडची रीत ठाऊक असलेला माणूस हवा. हेच काम करू शकेल असा वकील आपण परदेशी पाठवतो, आणि तो परतला की त्याच्या वहीत शून्य लिहितो.

दुसरा धागा कापसाचा. जगातला मोठा कापूस व्यापार लिव्हरपूलच्या इंटरनॅशनल कॉटन असोसिएशनच्या नियमांवर चालतो. भाव फिरला, कुणी सौदा मोडला, की लवाद लिव्हरपूलच्या नियमांनी, इंग्लिश कायद्यानं. तो निवाडा भारतात वसूल करायचा तर १९९६च्या लवाद कायद्याच्या दुसऱ्या भागाखाली थेट उच्च न्यायालयात जावं लागतं. जिनिंगवाल्याची गाठ इथली, भांडण लिव्हरपूलचं, वसुली उच्च न्यायालयात. नेर-यवतमाळची कोर्टं मधून गाळलेली. म्हणून परदेश पाहिलेला वकीलही मुंबई नाही तर नागपूर गाठतो. पोराचं मन गावात रमत नाही म्हणून तो येत नाही, असं बाररूममध्ये म्हणतात. माझ्या मते त्याच्या कामाचा खटलाच गावात दाखल होत नाही.

जाणारे जाणारच

जाणारे थांबणार नाहीत आणि थांबूही नयेत. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून अनुसूचित जातीची ७५ मुलं दरवर्षी परदेशी विद्यापीठात जाऊ शकतात आणि त्यात कायदा शिकणारीही असतात. यवतमाळमधूनच सुरू झालेल्या एकलव्य चळवळीच्या राजू केंद्रे यांनी चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडन गाठलं आणि आता खेड्यातली पहिल्या पिढीची मुलं तिकडचे अर्ज भरायला शिकताहेत. अशी मुलं परतली तर त्यांना धुऱ्याचा दावा कळेल, कारण त्यांच्या घरीही धुरा आहे. बार कौन्सिलनं परदेशी फर्मना भारतात मर्यादित दार उघडणारे नियम २०२३ मध्ये केले आणि २०२५ मध्ये सुधारले. त्यांच्या वकिलाला इथं सल्ला देता येतो, तर आपल्या वकिलानं तिथं कोर्टासमोर किंवा लवादापुढे केलेलं, दाखल्यानिशी सिद्ध होणारं काम निदान काही प्रमाणात इथल्या वर्षांत धरायला काय हरकत आहे? मला तरी दिसत नाही. तसा नियम होईल तेव्हा होईल.

दुपारी अडीचला काकांच्या नावाचा पुकारा झाला. समोरच्या वकिलांनी मुदत मागितली, मोजणीचा अहवाल आला नव्हता. नवी पेशी दिवाळीनंतरची पडली. काकांनी ती मला बियाण्याच्या पिशवीवर पेनानं लिहायला लावली.

परत निघताना नागपूरच्या वकीलबाईंना फोन केला. जाणाऱ्यांना काय सांगू, विचारलं. त्यांनी स्वतःचीच चूक सांगितली: लंडनला जाताना त्यांनी सनद स्थगितीचं पत्र बार कौन्सिलला पाठवलंच नव्हतं. पाठवलं ते चौदा महिन्यांनी, आणि परतल्यावर वकिली पुन्हा सुरू करताना त्या चौदा महिन्यांचा खुलासा प्रतिज्ञापत्रावर द्यावा लागला. तेव्हा तुमच्या घरातलं कुणी सनद घेऊन परदेशी नोकरीला निघालं असेल, तर बॅग भरण्याआधी एवढं करायला लावा: मूळ सनद आणि वकिली स्थगित करत असल्याचं पत्र स्पीड पोस्टानं महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला पाठवा, आणि पोचपावती आईकडे ठेवा.